चित्रावरच लिहिलेलं पोस्टकार्ड

प्रश्न : जर्मनीतल्या भाचीनं वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ ऑपेराचं जुनं पोस्टकार्ड पाठवलंय. हंसाच्या नावेच्या चित्रावरच कुणीतरी शाईनं खरडलंय. खोडून घेऊ का?

उत्तर : ताई, खोडरबर आधी लांब ठेवा! जर्मनीत १९०५ पर्यंत कार्डाची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असे. खुशाली चित्राच्या कडेलाच कोंबावी लागे. मागे पत्ता आणि मजकूर वेगळे करणारी मध्यावरची उभी रेघ नसेल, तर कार्ड बहुधा त्याआधीचं. कार्ड अस्सल जुनं आहे का हे पाहायला भिंगही लावा : शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या जुन्या छपाईत, रंगाचे ठिपके वेडेवाकडे दिसतात. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली म्हणून लगेच नक्कल ठरवू नका, तशी छपाई तेव्हाही होती. कोरी कार्डं हवी असणारे असतात; मला मात्र लिहिलेलीच आवडतात. आणि पीव्हीसीची पिशवी नको, ती चिकटते. पारदर्शक पॉलिएस्टरची घ्या.