‘कोमेजलेले’ कोठे लिहावे?

तुमच्या लेखनात कोरड्या पडलेल्या प्रत्येक वस्तूला ‘कोमेजलेले’ हे विशेषण लागलेले दिसते, म्हणून एवढेच सुचवितो की, हा शब्द ज्याच्या अंगी पूर्वी टवटवी होती आणि जे अजून पुरते कोरडे झालेले नाही, अशासाठीच राखून ठेवावा. फूल, पान, वेल कोमेजते. लाकूड किंवा कापड मात्र वाळते, कारण त्यांत मुळी टवटवीच नसते. कोमेजलेले रोप पाणी मिळताच पुन्हा तरारण्याची शक्यता असते, वाळलेल्या रोपाबाबत ती उरत नाही, आणि लेखकाला नेमका हाच फरक उपयोगी पडतो. ‘सुकणे’ या दोहोंच्या मधले व अधिक मोकळे आहे. घसा सुकतो, जखमही सुकते. माणसाविषयी लिहिताना तर विशेष जपावे, कारण ‘चेहरा कोमेजला’ म्हणजे तो उदास झाला, ‘चेहरा सुकला’ म्हणजे भुकेने वा श्रमाने उतरला, आणि ‘माणूस वाळला’ म्हणजे कृश झाला. कोमेजलेला याच अर्थाचा ‘म्लान’ हा संस्कृत शब्द मला प्रिय आहे, पण साध्या वाक्यात तो उपरा वाटतो. व्याकरणाचे म्हणाल, तर ‘कोमेजणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. ‘उन्हाने वेल कोमेजली’ असे लिहावे, ‘उन्हाने वेलीला कोमेजले’ असे नव्हे.