फ्लॉपच्या आधीच काय ते

प्रश्न : मी ऑनलाइन पोकर खेळतो, खोट्या चिप्सवरच. समोरचे तरबेज, फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) पडला की मला गुंडाळतात. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : खोट्या चिप्स हे बरं केलंत, २०२५च्या कायद्यानं पैशांचा खेळ बंदच झालाय. आता १०० बिग ब्लाइंड (डावाआधीची मोठी सक्तीची बोली, चिप्स तिच्या पटीत मोजतात) घेऊन बसू नका, २० घ्या. हातातले दोन पत्ते चांगले असतील तर फ्लॉपआधीच सगळ्या चिप्स पुढे ढकला, नाहीतर पत्ते टाका. तरबेज माणसाची करामत टर्न-रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या-पाचव्या पत्त्यावर. तिथवर त्याला नेताच कशाला? एक्का-राजाविरुद्ध दुर्रीची जोडी जिंकायची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी, आणि चिप्स आधीच पुढे गेलेल्या, मग त्याची हुशारी काय करणार? मी परवाच दश्शांची जोडी कवटाळून हट्टानं रिव्हरपर्यंत गेलो. चिप्सही गेल्या, चहाही गार.