आधी काटा, मग हौस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. १ टनाचा एसी, ३०० लिटरची टाकी, १८ एमएम प्लायचं फर्निचर, दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, वर टीव्ही. पाडव्याला आई-बाबांना त्यांच्या फिरत्या घरात बसवायचंय, हे समजलं. शेवटी विचारलंस, 'गाडी छोटी पडेल का?' छोटी कशाला पडेल? जड पडेल, पोरी.

आधी काटा, म्हणजे वजन, मग हौस. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

१८ एमएम प्लायची आठ बाय चारची एक शीट ३० ते ३५ किलोची. तुझ्या ड्रॉइंगला आठ लागतात, म्हणजे अडीचशेच्या वर. सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल वेगळे. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, त्यात घासाघीस नाही. १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढची, त्या दोन. एसी, त्याचा सांगाडा, इन्व्हर्टर. बेरीज सातशेच्या आसपास जाते. दहा माणसं गाडीत कायमची बसली म्हण, आणि आई-बाबा अजून चढायचेच आहेत. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी कर. उरेल त्यात माणसं, डिझेल, पाणी, गॅस, आईचे डबे आणि तुझी हौस. बॉडीवाल्याला विचारशील तर तो 'चालतंय की' म्हणणार. त्याला ती चालवायची नाही, तुझ्या बाबांना चालवायचीय.

पाण्याचं कळतं मला. आपण सोलापूरची माणसं, नळ रोज येत नाही, त्यामुळे टाकी दिसली की मोठीच घ्यावीशी वाटते. पण दोघांना उन्हाळ्यात प्यायला ८-१० लिटर, स्वयंपाक-भांड्यांना १०, हात-पाय-अंगाला २० लागतं. दिवसाला ४० धर. ८० लिटरची टाकी दोन दिवस पुरते, आणि दोन दिवसांत कुठेतरी नळ भेटतोच. टाकी खाली, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये बसव. आत पाणी अडवणारे आडवे पडदे, म्हणजे भिंती, हव्यातच, नाहीतर अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक मारला की पुढे धडकतं. मागच्या चाकांच्याही मागे वजन टाकलंस तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. टाकी डाव्या अंगाला आली तर बॅटरी उजवीकडे घे.

आता एसी. १ टनाचा एसी तासाला साधारण १ युनिट खातो. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १.८ युनिट, आणि ट्यूब्युलर म्हणजे लेड ॲसिडच, तिच्यातलं निम्मंच वापरायचं, नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे एका बॅटरीवर तासभरसुद्धा धड नाही. दोन घे, चार घे, वजन वाढेल, दुपार सरणार नाही. त्यापेक्षा छताला आतून २५ एमएमचा फोम, वरून पांढरा रंग, आणि छतावर १२ व्होल्टचा हवा बाहेर फेकणारा पंखा. तो ३ अँपिअरच्या आसपास घेतो, आठ तासांचे २४ एएच. १०० एएचची एक लिथियम बॅटरी १२-१३ किलोत रात्र काढते. आणि ४२ डिग्रीच्या दुपारी दोन साठीपार जीवांनी पत्र्याच्या डब्यात बसूच नये. पहाटे पाचला निघायचं, साडेदहाच्या आत थांबायचं, दुपारी लॉजची एसी खोली घ्यायची. हजार-दीड हजार रुपये जातील, जाऊ देत.

फर्निचर ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर ९ किंवा १२ एमएम प्लायचं कर. वजन निम्म्यावर येतं. पलंगाची उंची गादीसकट १८ इंच, गुडघेदुखीला तेवढीच सोसते. दाराची पहिली पायरी जमिनीपासून ८ इंचांच्या वर नको. धरायची दांडी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने, प्लायला स्क्रूने मुळीच नाही. इथे मात्र किलोभर जास्त गेलं तरी चालेल, बघ, मी इतका काही हट्टी नाही.

मोठा फ्रिज काढ. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर टिकते, तीही सोलापुरात शिकवायची का? बाबांचं इन्सुलिन आहे, म्हणून १५ लिटरचा १२ व्होल्टवाला छोटा कंप्रेसर फ्रिज ठेव. गॅसला ५ किलोचं सिलिंडर, उभं, पट्ट्याने बांधलेलं, आणि त्याच्या खालच्या फळीला भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी साठतो. हे सगळे फेरफार आरटीओच्या मंजुरीने आरसीवर चढवून घे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्यासाठी. अपघातानंतर विमावाला पहिली तीच नोंद मागतो.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याला काट्याचं खूळ आहे. आहे. गिऱ्हाईकाचं मन राखायला मीही गाड्यांत लाकूड भरलंय, आणि भरायला नको होतं. त्यामुळे तुझं मन राखणार नाही.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघ. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अशी गाडी वर्षातले आठ महिने उभी असते, नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून वाळतं. सहा वर्षांपुढचं टायर नको. हवा पहाटे, टायर थंड असताना बघायची. दुपारी हवेचा काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो म्हणून हवा सोडलीस, तर सकाळी टायर कमी हवेवर धावेल, आणखी तापेल आणि फुटेल.

मुक्कामाला कडुनिंब चांगला. बाभळीखाली सावली असते आणि काटेही असतात. काळ्या रानात गाडी उतरवू नकोस. वळीव आला की ती माती चाकाला अशी धरते की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. मुरुमावर थांबा.

लांब जायच्या आधी एकदा नळदुर्ग, तिथून तुळजापूर आणि परत. सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने उतरताना खालचा गिअर, ब्रेकवर सतत पाय नको. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात ने, लावू नकोस. एकच चाक जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक धरतोय.

आणि निघण्याआधी हायवेवरच्या धर्मकाट्यावर, जिथे ट्रक तोलतात तिथे, जा. टाकी भरलेली, डिझेल फुल, डबे जागेवर, आई-बाबा सीटवर. आधी फक्त पुढची चाकं चढव, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची, म्हणजे कुठल्या चाकांवर किती वजन ते कळेल. तीन पावत्या घे आणि फोटो काढून मला पाठव. रिकाम्या गाडीची पावती पाठवलीस तर मी ती उघडणारसुद्धा नाही.