जेलवर बँड स्वच्छ आहेत, तर क्रायो-ईएमआधी नेटिव्ह मास स्पेक कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दोन प्रोटीनच्या कॉम्प्लेक्सचे बँड जेलवर स्वच्छ असताना, क्रायो-ईएमआधी (म्हणजे गोठवलेल्या कणांचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो घेण्याआधी) नेटिव्ह मास स्पेक (कॉम्प्लेक्स न मोडता त्याचं वस्तुमान मोजणं) करावं का, ही पहिली. आणि त्यासाठी अमोनियम ॲसिटेटमध्ये घेतलेलं सॅम्पल तसंच ग्रिडवर (मायक्रोस्कोपमध्ये सॅम्पल ठेवायच्या बारीक जाळीवर) टाकता येतं का, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीकडे नंतर येतो. पहिलीवर मला बोलायचंच आहे, कारण "जेल चांगलं आहे ना, मग पाठवा बंगळुरूच्या मायक्रोस्कोपला" हे वाक्य इथं नागपुरात इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले.

एसडीएस हा डिटर्जंट घालून, उकळून तुम्ही कॉम्प्लेक्स आधीच मोडलेलं असतं. त्यानंतरचं जेल तुकडे दाखवतं, ते कसे जुळले होते ते नाही. प्रमाण तरी दिसेल म्हणाल, तर तेही नाही. दोन ए आणि दोन बी असा कण धरा. दर १० कणांतल्या ३ कणांना एक बी कमी असला, तर बी आणि ए यांचं प्रमाण १ वरून ०.८५ वर येतं. कूमासी रंगाच्या बँडमध्ये हा फरक नजरेला दिसत नाही. मायक्रोस्कोपला मात्र दिसतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आमच्याकडचं कॉम्प्लेक्स असंच होतं: ए ५२ किलोडाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान), बी ३१, पूर्ण कण १६६. सुपरडेक्स २०० या आकारानुसार प्रोटीन वेगळे करणाऱ्या कॉलमवर एकच पीक, मागच्या बाजूला जराशी शेपटी. २डी क्लासेसमध्ये (एकसारख्या कणांच्या फोटोंच्या सरासरीत) एक बाजू रेखीव आणि दुसरी धुरकट. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं निदान ठरलेलं: बर्फ जाड आहे, ब्लॉटिंगची (जादा पाणी टिपायची) वेळ बदला, ग्लो डिस्चार्ज (ग्रिडवर पाणी नीट पसरावं म्हणून करतात तो) वाढवा, दुसरे ग्रिड मागवा. सगळे उपाय गोठवण्यावर. ट्यूबमध्ये नक्की काय आहे, हा प्रश्नच नाही. क्रायो-ईएमवाल्यांची ही जुनी खोड आहे आणि आमचा वाद इथूनच सुरू झाला.

नेटिव्ह स्पेक्ट्रममध्ये तीन मालिका आल्या. एम/झेड (वस्तुमान भागिले चार्ज) ६३८५.६ आणि ६१४९.२ हे शेजारचे दोन पीक घ्या. लहान आकड्यातून १ (प्रोटॉनचं वस्तुमान) वजा करून उरलेल्याला दोघांतल्या फरकाने, म्हणजे २३६.४ ने, भागा. २६ येतात. हा मोठ्या आकड्याच्या पीकचा चार्ज, त्यावरून वस्तुमान १,६६,०००. ही पूर्ण कणाची मालिका. दुसरी ५,८७० च्या आसपास, २३ चार्ज, १३५ किलोडाल्टन: एक बी गळालेला. तिसरी ५,२०० जवळ, नुसता ए-डायमर, म्हणजे दोन ए. १६६ आणि १३५ सुपरडेक्स २०० ला वेगळे करता येत नाहीत. त्या पीकची शेपटी म्हणजे हेच होतं.

"ते मशीनने तोडलं असेल," असं लगेच ऐकवलं गेलं. हा आक्षेप तुमच्याही कमिटीत येईल, म्हणून उत्तर पाठ करून ठेवा. निर्वातात धडका देऊन कॉम्प्लेक्स तोडलं तर बाहेर पडणारं एक प्रोटीन उलगडतं आणि आपल्या वाट्यापेक्षा जास्त चार्ज घेऊन जातं. मागे उरलेल्या १३५ किलोडाल्टनच्या तुकड्यावर चार्ज कमी उरतो, समजा १६, आणि तो ८,४०० च्या पुढे दिसतो. आमचा तुकडा २३ चार्ज घेऊन ५,८७० ला होता, म्हणजे तो द्रावणातच तसा होता. शिवाय कोलिजन एनर्जी, म्हणजे धडकांचा जोर, कमी करत गेलो तरी त्याचं प्रमाण हललं नाही. वाद तिथं संपायला हवा होता. संपला नाही, ते सोडा.

इलाज साधा निघाला. कॉलमवर सॅम्पल पातळ होतं आणि सैल बसलेला बी सुटतो. म्हणून कॉलमआधी बी दीडपट घातला आणि पीकच्या फक्त पुढच्या निम्म्या भागाचे फ्रॅक्शन घेतले. एवढ्यानं भागलं नाही तर ०.०५ ते ०.१ टक्का ग्लुटराल्डिहाइडने हलकं क्रॉसलिंकिंग करा (प्रोटीनना एकमेकांशी रासायनिक टाके घाला), पण आधी ट्रिस बफर काढून हेपेस घ्या, नाहीतर ट्रिसचा अमिनो गटच सगळं ग्लुटराल्डिहाइड खाऊन टाकतो. निगेटिव्ह स्टेन (कणांभोवती जड धातूचा क्षार सुकवून मायक्रोस्कोपखाली बघणं) करताना तर हे लक्षात ठेवाच: २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे या कणासाठी जेमतेम ०.१२ मायक्रोमोलर. सैल कॉम्प्लेक्स एवढ्या पातळपणात आपोआप सुटतं आणि दोष स्टेनवर जातो. स्टेनचा विषय निघालाच आहे, तर फॉस्फेट बफर नको, युरॅनिल ॲसिटेटबरोबर त्याचा साका बसतो.

आता करायचं कसं. आधी डिनेचर करून (प्रोटीन उलगडून) एलसी-एमएसवर, म्हणजे कॉलम जोडलेल्या मास स्पेकवर, प्रत्येक साखळीचं वस्तुमान तपासा. १३१ कमी आलं तर सुरुवातीचं मेथिओनिन गेलंय. १७८ जास्त आलं तर ई. कोलायने हिस-टॅगवर (निकेल कॉलमला चिकटावं म्हणून जोडलेल्या शेपटीवर) ग्लुकोनॉइल गट चढवलाय. ७६ जास्त म्हणजे बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल सिस्टीनला चिकटलंय. हे आकडे हातात नसतील तर नेटिव्ह पीकचा अर्थ लावणं म्हणजे अंदाजपंचे. निकेल कॉलमवरून येणारे ई. कोलायच्याच प्रोटीनचे आगंतुक पाहुणेही इथंच पकडा: आर्नए, स्लायडी, आणि मेम्ब्रेन प्रोटीन असेल तर एसीआरबी. एसीआरबी ग्रिडवर इतका सुंदर दिसतो की लोक आपलंच प्रोटीन समजून खूश होऊन बसतात.

नेटिव्हसाठी १५० ते २०० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट, त्याच दिवशी बनवलेलं. जुलैत आपल्याकडे बाटलीतल्या पावडरला पाणी सुटतं आणि वजन खोटं येतं, तेव्हा तयार ७.५ मोलर स्टॉक घेतलेला बरा. बफर बदलायचा बायो-स्पिन ६ कॉलम ट्रिसमध्ये भरलेला येतो. तो ५०० मायक्रोलिटर अमोनियम ॲसिटेटने तीन-चारदा, १,००० जी ला धुवा. घाईत इथंच टंगळमंगळ होते आणि मग पीकला सोडियमची दाढी येते, दर सोडियममागे २२ डाल्टन. मॅग्नेशियमही तेवढाच फरक पाडतो, मोठ्या कणात दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत. सॅम्पल ३० मायक्रोलिटर, लागोपाठ दोन कॉलममधून. शेवटी ५ मायक्रोमोलर उरलं की पुष्कळ. सोन्याचा मुलामा दिलेल्या कॅपिलरीत २-३ मायक्रोलिटर भरा, बुडबुडा झटकून काढा, व्होल्टेज १.१ ते १.३ किलोव्होल्ट. ग्लिसरॉल राहिलं असेल तर स्प्रे मिळेल, पीक मिळणार नाही.

दुसरा प्रश्न. अमोनियम ॲसिटेटमधलं सॅम्पल ग्रिडवर टाकता येतं, पण मी टाकत नाही. पीएच ७ ला ते बफर नाहीच. त्याचे पीकेए (ज्या पीएचच्या आसपास बफर काम करतो ते) ४.७५ आणि ९.२५, मध्ये सगळं मोकळं रान. ग्रिड मूळ बफरमधूनच करा, मास स्पेकसाठी त्याच फ्रॅक्शनमधून ३० मायक्रोलिटर बाजूला काढा, दोन्ही एकाच दिवशी. मे महिन्यात इथून ड्राय आइसमध्ये ट्यूब पाठवत असाल तर झाकणाभोवती पॅराफिल्म घट्ट लावा. कार्बन डायऑक्साइड आत शिरला की पीएच उतरतो आणि बंगळुरूला पोचतं ते वेगळंच सॅम्पल.

मास स्पेकमधूनच प्रोटीन थेट ग्रिडवर उतरवतात, हे तुम्ही वाचलं असेलच. मॅडिसन आणि ऑक्सफर्डच्या गटांनी २०२२ मध्ये ते दाखवलं, २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने बीटा-गॅलॅक्टोसिडेज २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत नेलं. काम जबरदस्त आहे. पण पाण्याविना कण थोडा आक्रसतो, पोकळ्या बुजतात, आणि ती मशीन आपल्या हाताशी नाही. तुमच्या थीसिसचं नियोजन त्यावर करू नका.

हे सांगायला हवं की बी जर फक्त पाणी-विरोधी पृष्ठभागाने चिकटत असेल, तर निर्वातात ते बंध ढिले पडतात आणि नेटिव्ह स्पेक्ट्रम कॉम्प्लेक्स आहे त्यापेक्षा कच्चं दाखवू शकतो. अशा वेळी १० ते २० नॅनोमोलरवर मास फोटोमेट्रीही (विखुरलेल्या प्रकाशावरून एकेका कणाचं वस्तुमान मोजणं) करून बघा, पण एवढ्या पातळपणात सुटणारं तिथंही सुटेल हे धरून चाला. मेम्ब्रेन प्रोटीन असेल तर वरचं बरंच बदलतं: अमोनियम ॲसिटेटमध्ये सीएमसीच्या (डिटर्जंटचे रेणू गोळा होऊ लागतात त्या प्रमाणाच्या) दुप्पट डिटर्जंट, तो झटकायला जास्त एनर्जी, आणि मग "मशीनने तोडलं" हा आक्षेप खरा असण्याची शक्यताही वाढते.