सीलिंग फॅनच्या दिव्याची साखळी तुटली तर अख्खा पंखा बदलावा लागतो का?

अहो अख्खा पंखा कशाला, चार-पाच डॉलरचा स्विच येतो. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत घर आहे, पंखा नीट फिरतोय, फक्त खालच्या दिव्याची साखळी हातात आली. आमच्याकडे न्यू जर्सीत गेल्या हिवाळ्यात सेम झालं, पोरगी साखळीला लोंबकळली आणि दिवा जो चालू राहिला तो बंदच होईना.

आधी बघा, साखळीचे दोनचार मणी भोकातून बाहेर दिसतायत का. दिसत असतील तर काहीच उघडू नका, मणी अडकवायचं छोटं कनेक्टर मिळतं ते लावलं की झालं. आतूनच तुटली असेल तर मात्र स्विच बदला, जुना उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो, आतली स्प्रिंग टुणकन उडाली ती अजून सापडली नाही.

ब्रेकर पाडा. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून शिडीवर चढू नका. आणि आपल्यासारख्यांनी इथेच खरं सांभाळायचं, भारतात काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की काळी दिसली की हात बिनधास्त जातो, पण इथे काळी म्हणजेच फेज आणि पांढरी न्यूट्रल! इंडियातून आणलेला टेस्टरही इथल्या १२० व्होल्टवर इतका मिणमिणतो की दिवसा कळतच नाही पेटलाय का ते, म्हणून न टेकवता बीप करणारा टेस्टर घ्या आणि आधी चालू असलेल्या सॉकेटवर तो वाजतोय ना बघा.

मग काचेचा बाऊल आणि बल्ब काढा, वरच्या वाटीचे स्क्रू सोडवा, वाटी लोंबकळेल ती कुणालातरी धरायला सांगा. आत साखळीच्या मुळाशी दोन वायरवाला छोटा डबा दिसेल तोच स्विच. फोटो काढून ठेवा. आमच्यात दोन्ही वायरी काळ्याच होत्या, पण ऑन-ऑफ स्विचला कुठली कुठे लावली तरी फरक पडत नाही. बाहेरून नट सोडवला की स्विच आत निघतो, नवीन बसवायचा, अर्धा इंच वायर सोलून वायर नट, म्हणजे वायरींची टोकं एकत्र जोडणारी प्लास्टिकची टोपी, घट्ट पिळायचा आणि एकेक वायर ओढून बघायची, सुटली तर पुन्हा पिळा. नवीन घेताना जुन्यावर छापलेले ॲम्पियर जुळवा, आमच्यावर ६ ॲम्पियर १२५ व्होल्ट होतं.

स्पीडची साखळी तुटली असती तर गोष्ट वेगळी, त्या स्विचला तीन-चार वायरी असतात, एल, १, २, ३ असं लिहिलेलं असतं, तिथे अदलाबदल झाली की स्पीडचा गोंधळ होतो.

आणि स्विच यायला वेळ असेल तर त्या दोन वायरी एकमेकींना वायर नटने जोडून टाका, दिवा भिंतीवरच्या बटणाने चालेल. भाड्याचं घर असेल तर यातलं काही करू नका, मालकाला फोन करा, ते त्याचं काम.

आमच्याकडे आता दिव्याच्या साखळीला पोरीच्या तुटलेल्या माळेतला मोठा लाल मणी बांधलाय, नाहीतर अंधारात दरवेळी पंख्याचीच साखळी ओढली जायची.