वर्गात श्रवणयंत्र लावणारी मुलगी येणार आहे. बाकीच्या मुलांना काय शिकवू?

तुम्ही ठाण्यात पाचवीला शिकवता, जूनपासून ही मुलगी वर्गात येईल, तर आधी मुलांच्या कानात कापूस घालून 'ऐकू न येणं कसं असतं' ते दाखवावं का, असं विचारलंय. मी म्हणेन, नको. दहा मिनिटं मुलं खिदळतात आणि शेवटी हाती उरतं ते 'बिचारी'. तिच्याशी बोलायचं कसं, ते कळतच नाही.

त्यापेक्षा जोड्या पाडा. एकाने आवाज न काढता पान, बाण, मान यांतला एक शब्द म्हणायचा, दुसऱ्याने ओठ पाहून ओळखायचा. जमत नाही. प, ब, म तिन्ही ओठ मिटूनच होतात, बाहेरून फरक दिसत नाही. आता तोंड वासून, ओरडल्यासारखं म्हणायला लावा. आणखी गोंधळ. मग 'विड्याचं पान' म्हणायला सांगा; बहुतेकांना कळेल. कळलं नाही तर ओरडायचं नाही, वाक्य बदलायचं. तासिकेत एवढं पोचलं तरी पुष्कळ.

श्रवणयंत्र म्हणजे कानाचा चष्मा नव्हे. ते बोलण्यासोबत पंखा, सरकणारे बाक आणि घोडबंदर रोडवरचे ट्रकही वाढवतं. म्हणून बोलणारा समोर, एक-दोन मीटरवर हवा. तिला पहिल्या बाकावर बसवायची घाई नको. उत्तरं देणारी सगळी मुलं पाठीमागे जातात. दुसरा बाक, जरा कडेला, म्हणजे वळून त्यांची तोंडंही दिसतील. तुम्ही खिडकीला पाठ करून उभ्या राहिलात तर चेहरा काळोखात जातो, आणि फळ्याकडे तोंड करून बोललात तर संपलंच. बाकांच्या पायांना रबरी बुचं शाळेकडून मागून घ्या. मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्येच आहे.

यंत्रावर हात आला किंवा कान वाढून यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला की शीळ वाजते. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी हशा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने आणि पीटीच्या घामानेही यंत्र रुसतं. सेल तर भर तासाला संपतात. जादा सेल तुमच्या कपाटात असू द्या.

'मूकबधिर' नको, कर्णबधिर म्हणा. घसा सहसा शाबूतच असतो. आणि वर्गात यातलं काहीही बोलण्याआधी तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारा. यंत्र काढून दाखवायला तर मुळीच लावू नका.