थीम पार्कमध्ये प्यायलेलं मध-आलं-लिंबाचं धुरकट व्हिस्की कॉकटेल ठाण्यात घरी कसं करू?

तुम्ही सांगताय ती चव 'पेनिसिलिन' नावाच्या कॉकटेलच्या अगदी जवळची आहे. सॅम रॉस या बारटेंडरने २००५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ते बसवलं.

एका ग्लासासाठी ६० मिली साधी ब्लेंडेड स्कॉच, २० मिली मध-आल्याचा पाक आणि १५ मिली लिंबूरस घ्या. मूळ कृतीत लिंबू थोडं जास्त असतं, पण ते पिवळं लेमन. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतं ते कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून हात आखडता घ्या.

खरी गंमत पाकात आहे. मध आणि कोमट पाणी समप्रमाणात मिसळा. आलं किसून फडक्यातून पिळा, रस थोडा वेळ तसाच ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा रसच पाकात घाला. साका पाकात गेला की कॉकटेल पिठूळ लागतं.

सगळं भरपूर बर्फासोबत घट्ट झाकणाच्या बरणीत पंधरा सेकंद जोरात हलवा आणि ताज्या बर्फावर गाळा. वरून चमचाभर पीटेड, म्हणजे धुरकट चवीची, व्हिस्की अलगद सोडा, ढवळू नका. त्यासाठी 'अमृत पीटेड' मला फार आवडते.